मांजर सारखं ओकतंय? पुसायच्या आधी फोटो काढा

फडका आणायच्या आधी मोबाईल काढा. लादीवर जे पडलंय त्याचा एक फोटो, आणि मांजर अजून उबळ काढत असेल तर १५-२० सेकंदांचा व्हिडिओ. ऐकायला विचित्र वाटतं, घरात पाहुणे असले तर फारच, पण आमच्या चिंगीने वर्षभर दर आठ-दहा दिवसांनी ओकलं आणि आम्ही वर्षभर मुकाट्याने पुसत राहिलो म्हणून सांगते. "मांजरं ओकतातच." "केस गेले असतील पोटात." "कालचा बांगडा बाधला असेल." घरात प्रत्येकाकडे एकेक कारण तयार होतं, पुरावा कुणाकडेच नव्हता. मग एक दिवस तिला उचललं तर पाठीचे मणके हाताला लागले. वजन केलं तर ४.२ किलोची मांजर ३.५ वर आलेली. ७०० ग्रॅम म्हणजे काय एवढं असं वाटतं ना, पण ६० किलोच्या माणसाचे १० किलो उतरावेत तसं आहे ते.

तर आधी हिशोब पक्का करा. महिन्यातून एखाद वेळी केसांचा पुंजका पडला, त्यानंतर मांजर लगेच खायला मागतंय, खेळतंय, वजन जागच्या जागी आहे, तर चालतं. पण महिन्यात दोन-तीनदा किंवा जास्त, किंवा तीन आठवडे झाले तरी अधूनमधून चालूच आहे, तर ते दुखणं आहे आणि त्याचं कारण शोधायला लागतं, मग बाकी मांजर कितीही ठणठणीत दिसत असो. मांजरं दुखणं लपवण्यात पटाईत असतात.

हे असेल तर पुढचं नंतर वाचा, आधी डॉक्टर गाठा

एका दिवसात तीन-चार वेळा उलट्या आणि पाणीही टिकत नाहीये. उलटीत रक्त, किंवा कॉफीच्या पावडरीसारखं तपकिरी दाणेदार काहीतरी (ते पोटात पचलेलं रक्त असतं). पोट फुगलंय, हात लावू देत नाही. पलंगाखाली जाऊन बसलंय, हाक मारली तरी मान वळवत नाही. तोंड उघडं टाकून श्वास घेतंय. २४ तासांत काहीच खाल्लेलं नाही. पिल्लू आहे, आणि उलट्यांबरोबर जुलाबही आहेत, लस झालेली नाही. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण पॅनल्यूकोपेनिया नावाचा विषाणूचा आजार पिल्लांना बघता बघता घेऊन जातो, त्यात "उद्या सकाळी बघू"ला जागा नसते.

आणि घरात बोका असेल तर अजून एक. तो सारखा लिटर बॉक्समध्ये जाऊन बसतोय, जोर करतोय, लघवी होत नाहीये किंवा थेंबभरच होतेय, आणि वर उलट्या. लोकांना वाटतं पोट बिघडलं, शी होत नाहीये. खरं तर लघवीचा मार्ग तुंबलेला असतो आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. बोका पाळणाऱ्या प्रत्येकाने हे आधीच माहीत करून ठेवावं.

दोऱ्याचं वेगळं सांगते कारण आपल्याकडे घरभर दोरेच दोरे. गजऱ्याचा, हाराचा, राखीचा, संक्रांतीच्या मांजाचा, शिवणाचा सुईसकट. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात, एकदा दोरा जिभेवर आला की थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. बरेचदा त्याचं एक टोक जिभेखाली अडकतं आणि बाकीचा आतड्यात उतरतो, आणि मग पायजम्यात नाडी ओढल्यावर कापडाला कशा चुण्या पडतात, तसं आतडं त्या दोऱ्यावर गोळा होत जातं. म्हणून तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही. कितीही मोह झाला तरी नाही. आतडं कापलं जाऊ शकतं. तसंच घेऊन जायचं.

आधी ठरवा, ही उलटी आहे का

व्हिडिओ इथे कामाला येतो. खरी उलटी होताना मांजर आधी अस्वस्थ होतं, सारखे ओठ चाटतं, आवंढे गिळतं, मग पोट भात्यासारखं आतबाहेर होतं आणि मग बाहेर पडतं. दुसरा प्रकार म्हणजे खाल्लं, मान खाली घातली आणि काही जोर न लावता सगळं परत आलं, दाणे अख्खेच्या अख्खे, कधी कधी सुरळीच्या आकारात. ते अन्न पोटापर्यंत गेलेलंच नसतं, अन्ननलिकेतूनच परत आलेलं असतं, आणि हे वारंवार होत असेल तर डॉक्टर वेगळ्या दिशेने तपास करतात.

तिसरा प्रकार आम्हाला दोन महिने चकवत होता, शेजारच्या मांजराच्या बाबतीत. ते जमिनीला चिकटून बसायचं, मान लांब करायचं, खॅक खॅक करायचं आणि बाहेर काहीच पडायचं नाही. सगळे म्हणायचे केस अडकलेत. तो खोकला होता, मांजरांना दमा होतो त्याचा. दोन महिने हेअरबॉलची पेस्ट चाटवली बिचाऱ्याला.

आता फोटोत काय बघायचं. खाल्ल्यावर लगेच न पचलेले दाणे, म्हणजे बहुतेक घाईघाईने खाल्लंय. पहाटे पिवळं किंवा हिरवट फेसाळ पाणी, म्हणजे पोट रिकामं होतं आणि पित्त वर आलं. केस असतील तर ते चेंडूसारखे गोल नसतातच, बोटाएवढी ओली सुरळी असते, नवखा माणूस ती शीच समजतो. शेवयांसारखं लांब पांढरं काही वळवळताना दिसलं तर जंत. जेवून १०-१२ तास झाले तरी अन्न जसंच्या तसं बाहेर येतंय, किंवा उलटीला शीसारखा वास येतोय, तर पुढे कुठेतरी अडलंय, हे लगेच दाखवायचं.

वही

फ्रिजवर दूधवाल्याचं कॅलेंडर असतं ना, तेच पुरे. उलटी झाली की त्या तारखेला किती वाजता, जेवणानंतर किती वेळाने, काय पडलं, एवढंच. "स. ५, पिवळा फेस." "रा. ९, दाणे, खाऊन १० मि." त्या दिवशी काही नवीन खाल्लं असेल तर तेही. आणि महिन्यातून दोनदा वजन. मांजर वजनकाट्यावर उभं राहणार नाही, म्हणून तुम्ही त्याला घेऊन उभे राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करा. घरचा काटा १०० ग्रॅमचा फरक दाखवत नसेल तर किराणावाल्याकडे पिशवीत घालून न्या, आमचा किराणावाला आता चिंगीला नावाने ओळखतो. ४ किलोच्या मांजराचं २०० ग्रॅम वजन विनाकारण उतरलं तर कान टवकारायचे, ४०० उतरलं तर अपॉइंटमेंट घ्यायची.

एखाददुसरी उलटी, मांजर ताजंतवानं: घरी काय करायचं

मोठं मांजर असेल, वर सांगितलेलं काही नसेल, तर दोन-चार तास खायला देऊ नका, पाणी मात्र थोडं थोडं चालू ठेवा. मग चमचाभर खायला द्या, त्याचं रोजचंच किंवा नुसतं पाण्यात उकडलेलं चिकन, हाडं काढून, मीठ-हळद काही नाही. टिकलं तर दोन-तीन तासांनी परत चमचाभर. असं करत दुसऱ्या दिवशी नेहमीच्या जेवणावर.

माणसांसारखा दिवसभर कडकडीत उपास घडवायचा नाही. मांजर, त्यातून गुबगुबीत मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी लिव्हरमध्ये जाऊन साठते आणि लिव्हरच बसतं, मूळ दुखणं राहतं बाजूला. सिरिंजने तोंडात जबरदस्तीने पाणीही ओतू नका, छातीत जातं. आणि घरातली माणसांची उलटीची गोळी तुकडा करून देऊ नका. डोसचा प्रश्न तर आहेच, पण आतडं कुठे अडलं असेल तर उलटी थांबून तुम्हाला वाटतं बरं वाटलं, आणि आत अजून बिघडत जातं.

मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा उपाय आजीच्या काळापासून लोक सांगतात. नको. त्या मिठानेच मांजर दगावू शकतं.

आता मुळाशी जाऊ: खाण्याची घाई

तरण्या मांजरांच्या उलट्यांचं निम्मं कोडं इथेच सुटतं असं माझं मत आहे. आमचा बंड्या रस्त्यावरून आलेला, तो अजूनही असा खातो की कुणीतरी मागून ताट ओढून घेणार आहे. वाटी ठेवल्यापासून ४० सेकंदांत साफ, आणि पाच मिनिटांत सगळं सतरंजीवर. (कायम सतरंजीवरच. बाजूला अख्खी लादी मोकळी असते.) कोरडे दाणे पोटात ओले होऊन फुगतात, पोटाला एकदम ताण बसतो आणि ते परत पाठवतं.

ऑनलाईन स्लो फीडर मिळतात, पण आमच्याकडे माळ्यावर आप्पेपात्र होतं, त्याची कोटिंग गेलेली नव्हती पण आप्पे करायचा उत्साह गेलेला होता. बारा खळगे, प्रत्येकात पाच-सहा दाणे. बंड्याला एका खळग्यातून पंजाने काढायचे, खायचे, मग दुसरा, असं करत सात-आठ मिनिटं लागायला लागली. पहिल्याच आठवड्यात तीनदाच्या ऐवजी एकदा ओकला. इडलीपात्रातलं एक ताटही चालेल, किंवा सरळ मोठ्या परातीत दाणे पसरून द्या, तोंडात एका वेळी चारच येतील असं काहीही.

त्याबरोबर दिवसाचं खाणं दोनदाच्या ऐवजी चार-पाच वेळा विभागून द्या. एकूण वाढवायचं नाही हां, ४ किलोच्या घरातल्या मांजराला कोरडं फूड साधारण ५०-६० ग्रॅम दिवसाला पुरतं, पाकिटामागचा तक्ता बघून मोजूनच द्या. पहाटे पिवळा फेस येत असेल तर त्यातलाच एक घास रात्री झोपताना ठेवा, बऱ्याच मांजरांचं तेवढ्यानेच थांबतं. दोन मांजरं असतील तर वाट्या वेगळ्या खोल्यांत ठेवा, एकाची नजर दुसऱ्याच्या वाटीवर असली की दोघंही गिळतात.

काय खातंय

दूध-पोळी. यावर घरोघरी भांडणं होतात मला माहितीये, "आमच्या गावच्या मांजरी आयुष्यभर दूध-पोळीवर जगल्या." त्या मांजरी कणगीमागचे उंदीरही खात होत्या. बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब-उलट्या होतात, आणि मांजराला मांसातलं टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं, ते पोळीत नसतं, ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय दोन्ही जातात. कालवणातलं मटण-मासे धुवून दिले तरी कांदा-लसणाचा रस त्यात मुरलेला असतोच, आणि कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात.

फूड बदलताना एकदम बदलू नका. ऑफरमध्ये दुसरं पाकीट मिळालं आणि सकाळपासून तेच सुरू केलं, की रात्री उलटी ठरलेली. सात ते दहा दिवस घ्या, आधी पाव नवीन पाऊण जुनं, मग अर्धं अर्धं, असं. पाण्याची वाटी जेवणाच्या शेजारी न ठेवता लांब ठेवून बघा, काही मांजरं जास्त पितात. पाऊचमध्ये पाऊण भाग पाणीच असतं, कोरड्यात जेमतेम दहा टक्के, त्यामुळे दिवसातून एकदा तरी ओलं खाणं पोटात गेलेलं चांगलं.

पाली, झुरळं खाऊन ओकणं हे तर आपल्याकडे नेहमीचंच. पालीतून एक परजीवीही मांजराच्या पित्तमार्गात शिरू शकतो, म्हणून पाली मारणाऱ्या मांजराच्या डोळ्यांच्या पांढऱ्या भागाचा किंवा कानांच्या आतल्या कातडीचा रंग पिवळट दिसला तर डॉक्टरांना पालीचं मुद्दाम सांगा.

केस आणि जंत

पर्शियन असेल तर रोज विंचरणं, साधं देशी असेल तर आठवड्यातून दोन-तीनदा, केस झडण्याच्या दिवसांत जास्त. जेवढे केस ब्रशवर, तेवढे पोटात कमी, इतकं सोपं आहे. हेअरबॉल पेस्ट डॉक्टरांना विचारून पंजाला लावा, ते चाटून घेतं. पातळ पॅराफिन किंवा तेल तोंडात ओतायचं नाही, फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया. कुंडीत मूठभर गहू पेरलेत तर आठवड्याभरात गवत येतं, मांजर खातं, कधी त्यानेही ओकतं, त्याची काळजी नको. पण मांजर अचानक जास्त चाटायला लागलंय तर केसांच्या आधी पिसवा शोधा.

जंताचं औषध पिल्लांना दर दोन आठवड्यांनी तीन महिन्यांचं होईपर्यंत, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, मोठ्यांना साधारण तीन महिन्यांनी. डोस वजनावर असतो. मुलांच्या जंताच्या गोळीतला तुकडा देऊ नका.

घरातली विषं

मांजराच्या लिव्हरमध्ये आपल्याकडे असते तशी काही रसायनं निकामी करायची यंत्रणा जवळजवळ नसतेच. म्हणून ताप आला म्हणून दिलेली पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेते. तीच गत पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणाऱ्या फिनेलची. मांजर फिनेल पीत नाही, पण ओल्या लादीवरून चालतं आणि मग पंजे चाटतं. चिंगीच्या वहीत बुधवार-शनिवार जास्त उलट्या दिसत होत्या, आणि आमच्या मावशी फिनेल घालून पुसायच्या तेही बुधवार-शनिवार. ते बंद केल्यावर उलट्या थांबल्या नाहीत पण कमी झाल्या, आणि हे वहीशिवाय मला सात जन्मात कळलं नसतं.

कपाटातल्या डांबर गोळ्या, उंदराचं औषध, कुत्र्यासाठी आणलेलं गोचिडांचं औषध, सगळं बंद डब्यात. कुंडीतला मनी प्लांट आणि डिफेनबॅकिया चावला तर लाळ गळते, ओकतं, सहसा त्यावर निभावतं. बुकेतली लिली मात्र घरातच आणू नका. पान, फूल, अंगावर पडलेले पराग चाटले, फुलदाणीतलं पाणी प्यायलं, कशानेही किडन्या दोन-तीन दिवसांत निकामी होतात. आधी फक्त एक-दोन उलट्या दिसतात, मग मांजर जरा बरं वाटतं, आणि तिथेच माणूस फसतो.

डॉक्टरकडे

चिंगीला आम्ही आधी एका क्लिनिकमध्ये नेत होतो, दर वेळी उलटीचं इंजेक्शन, दोन दिवस बरी, परत सुरू. तीन खेपांत एकदाही तिचं वजन केलं नाही, आणि चूक अर्धी आमचीही, आम्हीही दर वेळी "आज ओकली" एवढंच सांगायचो, वर्षभराचं सांगितलंच नाही. त्या दिवसापुरतं इंजेक्शन चुकीचं नसतं, पण तीन आठवड्यांच्या पुढे गेलेल्या उलट्यांना कारण शोधायला लागतं.

जाताना वही, व्हिडिओ, फोटो, फूडच्या पाकिटाचा फोटो, शीचा ताजा नमुना डबीत. सरळ विचारा: रक्ताची तपासणी करायची का, त्यात किडनी-लिव्हर येतं का, मांजर आठ-दहा वर्षांच्या पुढचं असेल तर थायरॉइडचं टी-फोर हार्मोन बघायचं का. भरपूर खातंय तरी वाळतंय आणि ओकतंय तर थायरॉइड किंवा डायबिटिस, पाणी खूप पितंय आणि लिटरमधले लघवीचे गोळे मोठे झालेत तर किडनी किंवा परत डायबिटिसच. मग गरज असेल तसा एक्स-रे, सोनोग्राफी, रक्तातलं व्हिटॅमिन बी-ट्वेल्व्ह. सोनोग्राफीला किती तास उपाशी आणायचं ते आधी फोन करून विचारा. मुंबईत सगळं एका भागात हवं असेल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आणि व्हेटर्नरी कॉलेज आहेच. गावाकडच्या सरकारी दवाखान्यात गाई-म्हशींचं काम जास्त, तिथे मांजराची सोनोग्राफी होते का ते आधी विचारूनच निघा, कॅरिअरमध्ये ओरडणारं मांजर घेऊन एसटीचा हेलपाटा पडला तर दोघांचेही हाल.

चिंगीच्या आतड्याच्या भिंती सोनोग्राफीत जाड दिसल्या आणि बी-ट्वेल्व्ह कमी निघालं. आतड्याची जुनाट सूज. म्हाताऱ्या मांजरांत ही सूज आणि हळू वाढणारा लिंफोमा नावाचा कॅन्सर हे दोन्ही सारखेच दिसतात, नक्की सांगायला बायोप्सी (आतड्याचा छोटा तुकडा काढून तपासणं) लागते, आम्ही तिचं वय बघून आधी आहारावर जायचं ठरवलं.

आहाराची ही ट्रायल म्हणजे एकच ठराविक फूड, प्रोटीन आधीच तोडलेलं किंवा मांजराने कधीच न खाल्लेल्या मांसाचं, आणि त्याशिवाय तोंडात काहीही नाही. आतड्याच्या दुखण्यात दोन-तीन आठवड्यांत फरक दिसायला लागतो. पण काहीही नाही म्हणजे खरंच काही नाही, ट्रीट नाही, बंड्याच्या आप्पेपात्रातला दाणा नाही. आमची ट्रायल पहिल्यांदा सपशेल फसली. सोळा दिवस झाले तरी वहीत उलट्या आहेतच, मी वैतागून फूडला शिव्या घातल्या, आणि एका दुपारी गॅलरीत गेले तर पलीकडच्या काकू ग्रिलमधून चिंगीला सुकट भरवत होत्या. "अगं किती वाळलीये ती, तू खायलाच देत नाहीस." रोज दुपारी, सोळा दिवस.

काकूंना ओरडून उपयोग नव्हता. मी त्यांना तेच ट्रायलचं फूड लोणच्याच्या छोट्या बरणीत भरून दिलं, म्हटलं हेच भरवा, दिवसाला वीस दाणे, त्याच्या वर नाही, आणि ट्रायल पहिल्या दिवसापासून परत सुरू केली. तिसऱ्या आठवड्यात उलटी एकच. पुढे डॉक्टरांनी बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं आणि थोडं स्टिरॉइड जोडलं (ते मनाने बंद करायचं नसतं, हळूहळू उतरवावं लागतं), आता वजन ३.९ आहे आणि गेल्या दोन महिन्यांत कॅलेंडरवर दोनच नोंदी आहेत. काकू बरणी संपली की बेल वाजवतात, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ती त्यांच्या हातचं खाऊनच सुधारली.